इंग्रजी कच्चं का? आधी परभणीचा इतिहास वाचा

शिक्षणशास्त्रात किंवा इंग्रजीत पीएचडी करायची ठरवली की आपल्यापैकी अनेकांना एकच विषय सुचतो : ग्रामीण विद्यार्थ्यांचं इंग्रजी. आराखड्याचं पहिलं वाक्यही जवळजवळ ठरलेलं असतं. "मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचे इंग्रजी कच्चे असते, कारण ते उशिरा शिकवले जाते." या वाक्यात "कारण" हा शब्द किती सहज आलाय बघा. तो तपासायचा असेल तर थोडं मागे जावं लागतं. आपण परभणीपुरतंच जाऊ.

१९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. संस्थानात मराठी बोलणारे साधारण पाव लोक, तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे आणि उर्दू बोलणारे साधारण दहावा हिस्सा. सरकारी दप्तराची भाषा मात्र उर्दू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली आणि वरच्या वर्गांतलं शिक्षणही उर्दूतून होऊ लागलं. मराठी प्राथमिक पातळीवर काही ठिकाणी होती, पण पुढे सरकायचं तर उर्दू हवीच. खानगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे.

१९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. माध्यम उर्दू, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. पाठ्यपुस्तकं उर्दूत आणण्यासाठी वेगळा अनुवाद विभागच उघडला होता. हा प्रयोग लहान नव्हता, हे मान्य करायला हवं. भारतीय भाषेतून वैद्यक, विज्ञान, इतिहास शिकवता येतो हे दाखवणारं ते मोठं पाऊल होतं. ज्यांच्या घरात उर्दू बोलली जात होती त्यांना त्याचा फायदाच झाला. प्रश्न इतरांचा होता. परभणीच्या मराठी घरातला मुलगा शाळेत बसला की त्याला आधी उर्दू लिपी आणि उर्दू भाषा शिकावी लागे. मग त्या उर्दूतून इंग्रजी. म्हणजे इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा नव्हतीच. ती तिसरी होती, आणि तिच्याकडे जाणारा सरकारी रस्ता दुसऱ्या एका परक्या भाषेतून जात होता.

याचा एक ठोस पुरावा तुम्हाला ग्रंथालयात हातात घेता येईल. मौलवी अब्दुल हक यांच्या संपादनाखाली अंजुमन तरक्की-ए-उर्दूने केलेला मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठून, तर औरंगाबादहून. म्हणजे मराठी मुलखाच्या मध्यावर बसून इंग्रजीचा उत्तम कोश तयार झाला, पण शब्दाचा अर्थ लागायचा तो उर्दूतून. त्याच काळात निजामाच्या हद्दीपलीकडे, मुंबई प्रांतातल्या मराठी मुलाच्या हाताशी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिच्यात वाक्य मराठीत, उत्तर इंग्रजीत. पद्धत जुनी, घोकंपट्टीची, तिच्यावर टीका करायला भरपूर जागा आहे. पण अडलं तर तो मुलगा स्वतःच्या भाषेत परत येऊ शकत होता. घरची भाषा एकच, शिकायची भाषाही एकच, फक्त मधली पायरी वेगळी. तुलनात्मक अभ्यासाला याहून चांगली जोडी कुठे मिळणार?

मराठी साक्षरता मग कुठे टिकली? बरीचशी शाळेबाहेर. घरातल्या पोथ्या, वाचनालयं, कीर्तनं, खटपट करून चालवलेल्या मोजक्या शाळा. परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात १९१३ मध्ये जन्मलेले बी. रघुनाथ हे याचं ठळक उदाहरण. नोकरी निजामाच्या बांधकाम खात्यात आणि कविता, कथा, कादंबऱ्या मराठीत. त्यांच्याकडे आपण साहित्यिक म्हणूनच बघतो. भाषाशिक्षणाच्या इतिहासात मात्र ते एक प्रश्न म्हणून येतात : नोकरीची भाषा एक आणि मनाची दुसरी असताना लिहिणं टिकलं कसं?

आता १९४८. सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आलं आणि थोड्याच काळात उस्मानियाचं माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झालं. जरा हिशोब करा. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि कॉलेजात एकदम इंग्रजी! काल जी "विषय" होती ती आज "माध्यम" झाली. विषयात पस्तीस गुण मिळवले की सुटका होते, माध्यमात तशी सुटका नसते. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. शाळेची भाषा अखेर मराठी झाली. म्हणजे परभणीत मराठी शाळेच्या आधाराने इंग्रजी शिकण्याचा इतिहास, सरसकट बघितला तर, दोन-तीन पिढ्यांचाच आहे.

यानंतर येतं २००० साल. तोवर मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होतं. त्या वर्षी राज्याने ते पहिलीपासून आणलं. यामागे तेच गृहीतक होतं : उशीर हेच कारण. पण निजामाच्या काळातही इंग्रजी सक्तीचं होतंच की! नुसत्या सक्तीने आणि वर्षं वाढवून काम भागत असतं तर ते तेव्हाच भागलं असतं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. पहिल्या भाषेत वाचन-लेखनाची क्षमता पक्की झाली की ती दुसऱ्या भाषेत कामी येते. शिवाय गप्पा मारण्याइतकी भाषा येणं वेगळं आणि अभ्यास करण्याइतकी येणं वेगळं, हेही त्यांनीच सांगितलं. फक्त एक सावधगिरी बाळगा. त्यांच्यासमोरची मुलं रस्त्यावर, दुकानात, टीव्हीवर इंग्रजी ऐकत होती. पाथरी किंवा पालमच्या बाजारात तसं नाही. सिद्धांत घ्या, पण त्याच्या मागचं गावही विचारा.

मधली भाषा हेच एकमेव कारण, असं मी म्हणत नाही. शाळाच कमी होत्या, गरिबी होती, जात होती, मुलींना शाळेत पाठवणं तर फार उशिरा सुरू झालं. हे सगळं वेगळं काढून तपासायला हवं. पण तपासाला सुरुवात करताना प्रत्येक कागदपत्राला तीन प्रश्न विचारा. इंग्रजीचा अर्थ कोणत्या भाषेत सांगितला जात होता? मूल त्या भाषेत आधी वाचायला शिकलं होतं का? आणि परीक्षा कोणत्या भाषेत होती? "शाळेत इंग्रजी शिकवले जाते" एवढ्या नोंदीवरून यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

हे प्रश्न जुने झालेत असं वाटत असेल तर जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या शाळेचा विचार करा. मूल घरी गोरमाटी बोलतं. पहिलीचं पुस्तक प्रमाण मराठीत. त्याच वर्षी इंग्रजीची बाराखडी. आपण त्याला "मराठी माध्यमाचा विद्यार्थी" या रकान्यात टाकतो आणि पुढे जातो. प्रत्यक्षात ते मूल १९३० च्या मराठी मुलाच्याच जागी उभं आहे, फक्त तेव्हाच्या उर्दूची जागा आता आपल्या मराठीने घेतली आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणायचा निर्णय झाला, वाद पेटला आणि शासनाने तो मागे घेतला. त्या वादात मराठीची बाजू जोरात मांडली गेली, ते योग्यच होतं. पण या मुलासाठी ती भाषा तिसरी नसून चौथी झाली असती, हे फार थोड्यांनी मोजलं.

तेव्हा आराखडा लिहिताना नमुना निवडाल तिथे "माध्यम" या रकान्याशेजारी "घरची भाषा" असा आणखी एक रकाना आखा. शाळेच्या हजेरीपटावरून तो भरता येणार नाही. त्यासाठी घरी जाऊन विचारावं लागेल. वेळ जाईल, मार्गदर्शकही कदाचित कुरकुर करतील. तरी तो भरा. आणि तो भरून होईपर्यंत पहिल्या वाक्यातलं "कारण" खोडून ठेवा.