जमिनीखालचा तवंग

मिसिसिपी नदी उगमापासून थोडी पुढे आली की मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी सरोवरात शिरते आणि पलीकडून बाहेर पडते. सरोवराचं ओजिब्वे लोकांनी ठेवलेलं नावही या आडव्या वाहत्या पाण्यावरूनच आलं. तिथून वायव्येला 16 किलोमीटरवर, पाइनवूडजवळच्या रानात, 20 ऑगस्ट 1979 रोजी कच्च्या तेलाची एक भूमिगत वाहिनी फुटली. सुमारे 17 लाख लिटर तेल बाहेर उसळलं. काही झाडाझुडपांवर उडालं, काही सखल भागात साचलं.

वाहिनीच्या मालक कंपनीने साचलेलं तेल पंपाने उपसलं, काही जाळलं, तेलकट माती उचलून नेली. तरीही सुमारे 4 लाख लिटर तेल हाती लागलं नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूतून ते खाली झिरपलं आणि काही मीटर खोलीवरच्या भूजलावर तवंग धरून बसलं.

इथवरची कथा कुठल्याही तेलगळतीची असते. बेमिजीजवळची ही गळती वेगळी ठरली ती 1983 मध्ये. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने ही जागा अभ्यासासाठी निवडली. इंधन भूजलात मिसळल्यावर पुढे काय होतं, हे खऱ्याखुऱ्या जमिनीत वर्षानुवर्षं मोजून पाहायचं होतं. तो प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. देशभर पेट्रोलपंपांखालच्या जुन्या टाक्या गंजून गळत होत्या आणि 1984 मध्ये कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी तरतूदच करावी लागली.

अशा जागी काम चालतं ते निरीक्षण विहिरींवर. या विहिरी म्हणजे अरुंद, तळाशी जाळीदार नळ. काही प्रवाहाच्या वरच्या अंगाला, स्वच्छ पाणी कसं असतं ते कळावं म्हणून. बाकीच्या खालच्या अंगाला, एकापुढे एक. आधी पाण्याची पातळी आणि तेलाच्या थराची जाडी मोजायची. मग नळात तुंबलेलं पाणी उपसून टाकायचं, कारण ते जमिनीतल्या पाण्याची खरी साक्ष देत नाही. ताजं पाणी कुपीत काठोकाठ भरायचं. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेलातून पाण्यात विरघळलेलं बेंझीन त्यात उडून जातं आणि आकडा खोटा येतो. कुपी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. काही महिन्यांनी पुन्हा तेच.

या कंटाळवाण्या कामातून निघालेलं उत्तर मात्र चकित करणारं होतं. 1996 पर्यंत तवंगाची कड सुमारे 40 मीटर सरकली होती आणि विरघळलेल्या प्रदूषणाचा पट्टा सुमारे 200 मीटरवर पोहोचला होता. भूजलाचा वेग पाहता तो याहून खूप पुढे जायला हवा होता. त्याला अडवलं होतं जिवाणूंनी. पाण्यातला प्राणवायू संपेपर्यंत त्यांनी तो वापरून तेलातली द्रव्यं फस्त केली. मग वाळूच्या कणांवरच्या मँगनीज आणि लोहाच्या संयुगांवर काम भागवलं. तेही सरलं तिथे मिथेन वायू तयार होऊ लागला. प्राणवायूशिवायही बेंझीनसारख्या द्रव्यांचा निकाल लागतो, हे मोकळ्या रानात दिसलं.

अशा अभ्यासांनी धोरणावरही ठसा उमटवला. 1999 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नैसर्गिक विघटनावर विसंबण्याची पद्धत आपल्या धोरणात बसवली. त्यातली एक महत्त्वाची अट, मोजमाप थांबवायचं नाही. ती अट किती गरजेची, हे कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाने आधीच दाखवलं होतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं एमटीबीई हे द्रव्य जिवाणूंना सहजी पचत नाही. ते तिथल्या विहिरींत उतरलं आणि 1996 मध्ये शहराला आपल्या पाणीपुरवठ्याचा मोठा हिस्सा बंद करावा लागला.

बेमिजीच्या विहिरींनीही पुढे नवा हिशेब मांडला. जिवाणू लोहाची संयुगं विरघळवतात, तेव्हा त्यांना चिकटलेलं आर्सेनिकही पाण्यात सुटतं. तेलाची अर्धवट मोडलेली संयुगं बेंझीनच्या पट्ट्याच्याही पुढे जातात, आणि ती फक्त बेंझीन मोजणाऱ्याला दिसत नाहीत. मधल्या काळात तवंग उपसण्याचा पुन्हा एकदा प्रयत्न झाला. त्यात काही तेल निघालं, बरंच राहिलं.

वाहिनी फुटल्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला. पाइनवूडच्या वाळूत तेल अजून आहे, आणि विहिरींतून पाणी काढून मोजणंही थांबलेलं नाही.