तेरा सामने जिंकले, तेरा जणांनी नाकारलं

३ डिसेंबर २०२३, रविवार. मी तेव्हा फ्लोरिडा राज्याच्या राजधानीत, टॅलहॅसीला, स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करत होतो. आमच्या छोट्या हॉलमध्ये अकरा जण टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसले होते. दहा जण डाळिंबी रंगाच्या टीशर्टांत. अकरावा मी, हातात पोह्यांची बशी.

गावातल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाची फुटबॉल टीम त्या वर्षी तेरा सामने खेळली होती आणि तेराही जिंकली होती. देशातल्या चार टीम निवडून त्यांच्यात विजेतेपदाचे सामने व्हायचे होते. कोणत्या चार, हे टेक्सासमधल्या एका हॉटेलात बसलेली तेरा जणांची समिती सांगणार होती. नावं आली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. अलाबामा त्या वर्षी एक सामना हरलेली होती. टेक्ससही एक हरलेली होती. आमची टीम पाचवी.

हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही, हे मला अजून आठवतं. माझा रूममेट बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "आम्ही अजून काय करायला हवं होतं?"

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. पण त्या हिवाळ्यात अभ्यास बाजूला ठेवून मी हेच वाचत बसलो. हा खेळ चॅम्पियन ठरवतो तरी कसा?

आधी थोडं समजून घेऊ. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, चेंडू बहुतेक वेळ हातात असलेला. कॉलेजांच्या वरच्या गटात १३० च्या वर टीम आहेत आणि प्रत्येक टीम मोसमात साधारण बारा सामने खेळते. खेळ इतका अंग मोडणारा आहे की आठवड्याला एकच सामना शक्य असतो. म्हणजे बहुतेक टीमची एकमेकींशी गाठच पडत नाही. आयपीएलसारखं गुणांचं एक टेबल करून मोकळं होता येत नाही. गंमत म्हणजे कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए खालच्या गटांत १९७० च्या दशकापासून रीतसर बाद फेऱ्या घेते. फक्त सगळ्यात वरच्या, सगळ्यात जास्त पैसा असलेल्या गटाचा चॅम्पियन ती स्वतः ठरवत नाही. ती फक्त नोंद ठेवते, अमक्यानं अमुक टीमला चॅम्पियन म्हटलं.

हे 'अमके' कोण? सुरुवातीला कुणीही. पहिला सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. त्या मोसमात टीम दोनच होत्या आणि त्यांनी एकमेकींविरुद्ध एकेक सामना जिंकला. तरी त्या वर्षाचेही चॅम्पियन आहेत! पार्क डेव्हिस नावाच्या इतिहासकारानं १९३३ साली मागं जाऊन दरवर्षीचे विजेते ठरवले आणि १८६९ चं विजेतेपद दोघांत वाटून टाकलं. डेव्हिस स्वतः प्रिन्स्टनकडून खेळलेला. प्रिन्स्टन आज २८ विजेतेपदं सांगते.

गणित आणलं फ्रँक डिकिन्सननं. हा इलिनॉय विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. बलाढ्य टीमला हरवलं तर जास्त गुण, दुबळ्या टीमला हरवलं तर कमी, अशी त्याची पद्धत १९२६ मध्ये आली. शिकागोच्या एका कपडे व्यावसायिकानं तिच्यासाठी ट्रॉफीही दिली. नोत्र दामचा कोच न्यूट रॉक्नी यानं या दोघांना जेवायला बोलावलं आणि ही पद्धत दोन वर्षं मागं, १९२४ पासून लागू करायला पटवलं. १९२४ ला कोण पहिलं आलं असेल, ते तुम्हीच ओळखा. सूत्र कितीही कोरडं असलं तरी ते कुठल्या वर्षापासून लावायचं हे जेवणाच्या टेबलावर ठरतं, हा धडा मला स्टॅटिस्टिक्सच्या कुठल्याच वर्गात मिळाला नव्हता.

मग आलं मतदान. असोसिएटेड प्रेसचा क्रीडासंपादक अ‍ॅलन गूल्ड यानं १९३६ मध्ये पत्रकारांचा साप्ताहिक पोल सुरू केला. त्याचा हेतू त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितला: दोन शनिवारांच्या मध्ये वर्तमानपत्रांना मजकूर हवा होता आणि लोकांचा वाद चालू राहायला हवा होता. १९५० पासून कोच लोकांचाही वेगळा पोल आला. या दोन याद्यांत जो वर तो चॅम्पियन, आणि दोन याद्यांत दोन वेगळी नावं आली तर चॅम्पियनही दोन.

आता 'बोल' म्हणजे काय ते सांगायला हवं. नवीन वर्षाच्या सुमाराला उबदार गावांत होणारे हे मोठे सामने. पर्यटक यावेत म्हणून स्थानिक मंडळींनी चालवलेले. नावंही तशीच: रोझ, ऑरेंज, शुगर. कित्येक वर्षं शेवटचं मतदान या बोल सामन्यांच्या आधीच उरकलं जायचं. १९७३ साली कोच लोकांनी अलाबामाला चॅम्पियन ठरवलं आणि ३१ डिसेंबरच्या रात्री अलाबामा नोत्र दामकडून २४-२३ अशी हरली. मुकुट मात्र तिच्याच डोक्यावर राहिला. पुढच्या वर्षीपासून कोच बोल झाल्यावर मत देऊ लागले.

पण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते १९६६ नं. १९ नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकाची नोत्र दाम आणि दुसऱ्या क्रमांकाची मिशिगन स्टेट समोरासमोर आल्या. नोत्र दाम ०-१० अशी मागं पडली, तिचा क्वार्टरबॅक जखमी झाला, तरी तिनं १०-१० गाठलं. शेवटच्या मिनिटाला चेंडू तिच्याच हातात. जिंकायचा प्रयत्न करावा की नको? कोच आरा पार्सेगियननं धोका टाळला. चेंडू पोटाशी धरून खेळाडू पुढच्या गर्दीत घुसत राहिले आणि घड्याळ संपलं. लोकांनी त्याला भित्रा म्हटलं. त्याचा हिशोब मात्र मैदानावरचा नव्हताच, मतपत्रिकेचा होता. बरोबरी केलेल्या पहिल्या क्रमांकाला मतदार खाली ढकलणार नाहीत. तसंच झालं. नोत्र दाम पहिली, मिशिगन स्टेट दुसरी. आणि त्या वर्षी एकही सामना न हरलेली, एकही बरोबरी न केलेली अलाबामा तिसरी.

अलाबामावर अन्याय झाला असं वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. १९६६ मध्ये त्या टीममध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मिशिगन स्टेटची टीम दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंवर उभी होती, ज्यांना त्यांच्या स्वतःच्या राज्यांतली मोठी विद्यापीठं घेत नव्हती. मतदारांच्या मनात हे किती होतं, यावर आजही वाद होतात. मला वाटतं, असायलाच हवं होतं. पण मग 'चॅम्पियन' या शब्दाचा अर्थ 'सगळे सामने जिंकणारा' इतका साधा उरत नाही.

१९९० चा किस्सा तर खराच वाटत नाही. या खेळात दहा यार्ड पुढं जायला चार प्रयत्न मिळतात. मिझुरीविरुद्ध कोलोरॅडोला पंचांच्या मोजणीतल्या चुकीमुळे पाच मिळाले आणि त्या पाचव्या प्रयत्नावर ती ३३-३१ अशी जिंकली. निकाल बदलला नाही. मोसमाच्या शेवटी पत्रकारांनी कोलोरॅडोला चॅम्पियन केलं. कोच लोकांनी जॉर्जिया टेकला केलं, तेही ८४७ विरुद्ध ८४६ अशा एका गुणानं.

अशा भांडणांना वैतागून १९९८ मध्ये बीसीएस आली. पोल आणि कॉम्प्युटरच्या क्रमवाऱ्या एकत्र करायच्या, वरच्या दोन टीम निवडायच्या, त्यांचा एक अंतिम सामना. ऐकायला सुंदर. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात सुपर ओव्हरही बरोबरीत सुटल्यावर चौकार-षटकार मोजून इंग्लंडला कप दिला होता, आठवतं? नियम आधीच लिहिलेला होता, तरी कुणाला पटला नाही. बीसीएसचं दरवर्षी तसंच व्हायचं. २००३ मध्ये तीन टीम एकेक सामना हरलेल्या होत्या. दोन्ही पोलमध्ये सदर्न कॅलिफोर्निया पहिली, पण एकत्रित आकड्यात तिसरी! त्यामुळे अंतिम सामना ओक्लाहोमा आणि एलएसयू यांच्यात. यातली ओक्लाहोमा आदल्याच सामन्यात ३५-७ असा मार खाऊन आलेली. एलएसयू जिंकली. कोच लोकांनी अंतिम सामना जिंकणाऱ्यालाच मत द्यायचं असा करार होता, तरी तिघांनी सदर्न कॅलिफोर्नियाचंच नाव लिहिलं. पत्रकारांनीही तिलाच चॅम्पियन केलं आणि वर्षभरानं आपला पोल बीसीएसला वापरू देणं बंद केलं.

माझा राग त्या सूत्रांवर नाही, ती बहुतेक झाकलेली होती यावर आहे. वेस्ली कॉली या खगोलभौतिकीवाल्यानं तेवढी आपली पूर्ण रीत जाहीर केली होती. म्हणूनच २०१० मध्ये एका बाहेरच्या माणसाला तिच्यात चूक सापडली. खालच्या गटातल्या एका सामन्याचा निकाल भरायचा राहिला होता, आणि तेवढ्यानं वरची दहावी आणि अकरावी जागा उलटी झाली होती. बाकीच्या कॉम्प्युटरांत काय राहून गेलं, हे बाहेरून तपासायची सोय नव्हती.

२०१४ पासून कॉम्प्युटर गेले आणि समिती आली. चार टीम, दोन उपांत्य सामने, एक अंतिम. समितीच्या पहिल्या सदस्यांत माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइसही होत्या. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ १३-० असं अपराजित राहिलं, पण छोट्या गटातलं म्हणून चारांत आलं नाही. तिनं ऑबर्नला हरवलं, आणि त्या ऑबर्ननं त्या वर्षीच्या दोन्ही अंतिम टीमना हरवलेलं होतं. मग विद्यापीठानं स्वतःच स्वतःला चॅम्पियन जाहीर केलं, कोच लोकांना बोनस दिला, डिस्नी वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. सगळे हसले. पण कॉलीच्या यादीत ती टीम खरंच पहिली होती, आणि एनसीएएच्या नोंदवहीत ते छापलेलं आहे.

परत आमच्या हॉलमध्ये येऊ. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरात मोडला होता. समितीचं म्हणणं असं की त्याच्याशिवाय ही टीम पूर्वीची राहिली नाही. नियमावलीत मुख्य खेळाडू उपलब्ध नसणं हा मुद्दा लिहिलेला होता, म्हणजे त्यांनी नियम मोडला नाही. पण त्याच्याशिवायही टीम उरलेले सामने जिंकली होती. एकदा तर तिसऱ्या पसंतीच्या, पहिल्या वर्षाच्या मुलाला घेऊन. समिती 'पुढं कोण जिंकेल' हे बघत होती, आणि हॉलमधली दहा माणसं 'आतापर्यंत कोण जिंकलं' हे विचारत होती. ट्रॅव्हिसनं त्याच दिवशी जाहीरपणे लिहिलं की आपला पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं. ते वाचून रूममेट उठून बाहेर गेला. नंतर ऑरेंज बोलमध्ये टीमच्या बऱ्याच मुख्य खेळाडूंनी खेळायला नकार दिला आणि जॉर्जियानं ती ६३-३ अशी चिरडली. टीव्हीवर काही जण म्हणाले, बघा, समिती बरोबर होती. हा युक्तिवाद मला आजही संतापजनक वाटतो.

पुढच्याच मोसमापासून बारा टीमची बाद फेरी सुरू झाली. मी तोवर नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात आलो होतो. त्या वर्षी ओरेगॉन १३-० अशी एकमेव अपराजित टीम होती आणि ऑक्टोबरात तिनं ओहायो स्टेटला ३२-३१ असं हरवलं होतं. रोझ बोलमध्ये त्याच ओहायो स्टेटनं तिला ४१-२१ असं घरी पाठवलं. २० जानेवारी २०२५ ला दोन सामने हरलेली ओहायो स्टेट चॅम्पियन झाली.

त्या रात्री मी रूममेटला फोन केला. फ्लोरिडा स्टेटचा तो मोसम २-१० असा गेला होता, त्यामुळे बोलताना जरा जपूनच सुरुवात केली. तो म्हणाला, ही पद्धत चांगली आहे, निदान हरलो तर मैदानात हरू. मी म्हटलं, मग ओरेगॉनचं काय, वर्षभर सगळ्यांना हरवून एका दुपारी संपलं. तो म्हणाला, ते हरले, विषय संपला. मी म्हटलं, तेव्हा तर तू वर्षभराचा हिशोब मागत होतास. यावर तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "तेव्हा आम्ही हरलोच नव्हतो रे." आणि पुढचा अर्धा तास आम्ही पुन्हा २०२३ वरच भांडलो.