एरियल आणि वीज
सेंट पीटर्सबर्ग नगरीत १७५३ साली, मेघांतील विद्युत् मोजण्यासाठी घरात आणलेल्या, परंतु जमिनीशी न जोडलेल्या लोखंडी सळईजवळ वाकून पाहत असताना प्राध्यापक रिखमान यांच्या कपाळावर वीज उतरली आणि ते जागीच गतप्राण झाले. त्याच नगरीत १८९५ साली अलेक्झांडर पोपोव्ह यांनी एरियलची तार, लोहकिसाची काचनळी व घंटी यांच्या साहाय्याने दूरच्या विजांची वर्दी देणारे यंत्र सादर केले. ज्या तारेला विजेपासून जपायचे, तिनेच प्रथम विजेची चाहूल घेतली, हे मला विलक्षण वाटते. पुढे हौशी रेडिओचालकांनी खिडकीबाहेर पात्याच्या खटक्याचा बंदोबस्त केला: गडगडाट होण्यापूर्वीच पाते उलटून एरियल यंत्रापासून सोडवायची आणि जाड तांब्याच्या तारेने, शक्य तितक्या सरळ वाटेने, जमिनीत ठोकलेल्या सळईस जोडायची, कारण तीव्र वळणावर वीज तार सोडून उडी घेते.