हवाप्रदूषण नियंत्रण कायदे : नांदेड व लातूर जिल्हे

हवाप्रदूषण नियंत्रण कायदे : धूर, धूळ, काजळी व अपायकारक वायू यांचे हवेतील प्रमाण आरोग्यास बाधक होऊ नये, यासाठी शासनाने केलेले अधिनियम, नियम व मानके. भारतातील या कायद्यांचा इतिहास बहुधा मुंबई, कोलकाता व दिल्ली या महानगरांच्या अनुषंगाने सांगितला जातो. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत तो वेगळ्या क्रमाने घडला. येथे कायदा उशिरा पोहोचला आणि प्रारंभी त्याची रचना कारखान्याच्या धुराड्यावर लक्ष ठेवूनच झालेली होती. वीटभट्ट्या, खडी केंद्रे, कच्चे रस्ते, कचऱ्याची होळी व घरातील चूल हे येथील विखुरलेले स्रोत त्याच्या कक्षेत क्रमाक्रमाने आले. काही अद्याप पुरतेपणी आलेले नाहीत.

पूर्वेतिहास : औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमध्ये १८६३ साली अल्कली कायदा झाला. भारतात १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७८ अन्वये हवा आरोग्यास अपायकारक करणे हा अपराध ठरविण्यात आला व त्यास जास्तीत जास्त पाचशे रुपये दंड ठेवण्यात आला. भट्ट्यांच्या धुराविरुद्ध बंगालमध्ये १९०५ साली व मुंबई इलाख्यात १९१२ साली स्वतंत्र धूर-उपद्रव कायदे करण्यात आले. हे कायदे डोळ्यांना दिसणाऱ्या धुरापुरते होते. अदृश्य वायू व सूक्ष्म कण यांचा विचार त्यांत नव्हता.

त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मुंबईचा कायदा येथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. निजामी राजवटीत नांदेड येथे उभी राहिलेली उस्मानशाही कापडगिरणी, तसेच या भागातील सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले व १९५१ मध्ये भारतीय दंड संहिता या प्रदेशास लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. लातूर हा त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला.

१९८१ चा अधिनियम : जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेनंतर भारतात या विषयास चालना मिळाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व (अनुच्छेद ४८ क) व नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. परिषदेतील निर्णयांची अंमलबजावणी करण्यासाठी संसदेने हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ संमत केला. तो १६ मे १९८१ पासून अंमलात आला. जलप्रदूषणासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या मंडळाकडेच हवेचेही काम सोपविण्यात आले.

या अधिनियमातील कलम १९ कळीचे आहे. राज्य शासन एखादे क्षेत्र ‘हवाप्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ म्हणून घोषित करते आणि त्या क्षेत्रात कारखाना उभारण्यास वा चालविण्यास कलम २१ प्रमाणे मंडळाची पूर्वसंमती लागते. क्षेत्र घोषित नसेल, तर संमतीची ही अट लागू होत नाही. महाराष्ट्रात १९८३ मध्ये प्रारंभी काही क्षेत्रेच घोषित करण्यात आली. संपूर्ण राज्य असे क्षेत्र म्हणून १९९६ मध्ये घोषित झाले. म्हणजे संसदेने केलेला कायदा राज्याच्या कानाकोपऱ्यांत सारख्याच बळाने पोहोचण्यास पंधरा वर्षे लागली. याच कालखंडात लातूर जिल्ह्याचे प्रशासन नव्याने उभे राहत होते आणि तेथील डाळ व तेल गिरण्या आणि साखर कारखाने वाढत होते.

मूळ अधिनियमातील संमतीची अट परिशिष्टात नमूद केलेल्या उद्योगांपुरती होती. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ करण्यात आला आणि १९८७ च्या दुरुस्तीने हवा अधिनियमातील ते परिशिष्ट काढून टाकण्यात आले. त्यामुळे लहान-मोठे सर्वच कारखाने कक्षेत आले. कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मंडळास मिळाला, तर साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार सामान्य नागरिकास मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रदूषणमुक्त हवा व पाणी यांचा उपभोग हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

मानके : राष्ट्रीय परिसर-हवा गुणवत्ता मानके १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली व नोव्हेंबर २००९ मध्ये सुधारण्यात आली. सुधारित मानकांत बारा प्रदूषकांचा समावेश आहे. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ व ५ मायक्रोग्रॅम आहेत. अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण फुप्फुसात खोलवर जातात. त्यामुळे धूर डोळ्यांना दिसत नाही म्हणून हवा निर्दोष आहे, असे म्हणता येत नाही. वाहनांसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपासून मर्यादा ठरत गेल्या आणि १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ ही मानके देशभर लागू झाली.

स्थानिक स्रोत व नियम : साखर कारखान्यांच्या बाष्पित्रांत बगॅस म्हणजे उसाचे चिपाड जाळले जाते. गळीत हंगामात त्याची हलकी राख व काजळी आसपासच्या शेतांवर व घरांवर बसते. या धुराड्यांतील कणांसाठी जानेवारी २०१६ मध्ये घनमीटरला १५० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविण्यात आली. धुराडे एका जागी असल्याने त्यातील कण मोजता येतात व उत्तरदायित्वही निश्चित करता येते. विखुरलेल्या स्रोतांच्या बाबतीत हे दोन्ही अवघड होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. तथापि तिची अंमलबजावणी नगरपालिका व महानगरपालिका यांच्यावर अवलंबून असते. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये, तर लातूर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली. चुलीचा धूर कोणत्याही संमतिपत्राच्या कक्षेत येत नाही. त्यावरील उपाय कायद्याने नव्हे, तर मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेसारख्या इंधनविषयक धोरणाने करण्यात आला. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया व त्यांच्याजवळ असणारी लहान मुले यांना या धुराचा सर्वाधिक त्रास होतो. गॅसची जोडणी मिळाली तरी पुढचे सिलिंडर भरून घेण्याइतका पैसा हाती नसल्यास चूल पुन्हा पेटते, ही या धोरणाची मर्यादा आहे.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम : जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने हा कार्यक्रम सुरू केला. मानके सातत्याने न पाळली गेलेल्या शहरांच्या यादीत लातूरचा समावेश झाला. नांदेडचा झाला नाही. ही यादी मापन केंद्रांवरील नोंदींच्या आधारे तयार होते. तिच्यात नाव नसणे हा त्या शहरातील प्रत्येक वस्तीची हवा शुद्ध असल्याचा दाखला नव्हे. यादीचे परिणाम मात्र प्रत्यक्ष असतात. यादीतील शहरास कृती आराखडा करावा लागतो व त्यासाठी निधी मिळतो. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार अशा शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील जुन्या वीटभट्ट्यांना नागमोडी ज्वलनपद्धती किंवा स्वच्छ इंधन स्वीकारण्यास एक वर्षाची, तर अन्यत्र दोन वर्षांची मुदत देण्यात आली. परिणामी लातूरलगतच्या भट्टीस एक मुदत व नांदेडलगतच्या भट्टीस दुसरी, असा भेद एकाच विभागात निर्माण झाला.

धुळीवरील उपायांत आणखी एक अडचण आढळते. जानेवारी २०१८ च्या नियमांनुसार बांधकामांच्या ठिकाणी पाणी शिंपडण्याची व्यवस्था आवश्यक ठरली. परंतु २०१६ च्या दुष्काळात ज्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे या उपायाची मर्यादा उघड आहे. डांबरी वा काँक्रीटचे रस्ते, कडेच्या उघड्या मातीवर लागवड, खडी व वाळूची झाकून वाहतूक आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा वापर हे उपाय अवर्षणप्रवण प्रदेशास अधिक अनुरूप आहेत.

शिक्षेचे बदलते स्वरूप : १९८७ च्या दुरुस्तीनंतर अधिनियमाच्या प्रमुख तरतुदींच्या भंगास दीड ते सहा वर्षे कारावासाची शिक्षा होती. जन विश्वास अधिनियम, २०२३ अन्वये तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आली व ती ठरविण्यासाठी न्यायनिर्णय अधिकाऱ्याची तरतूद झाली. हा बदल एप्रिल २०२४ पासून अंमलात आला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली व हवा अपायकारक करण्याच्या अपराधाचा दंड एक हजार रुपयांपर्यंत झाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० प्रमाणे स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाकडे महाराष्ट्रातील नागरिकास दाद मागता येते.

या इतिहासावरून असे दिसते की, नांदेड व लातूर येथे कायद्याची उणीव आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. मापन केंद्रांची पुरेशी संख्या, त्यांच्या नोंदींचे नियमित प्रकाशन आणि स्थानिक संस्थांची क्षमता यांवरच त्याचे फळ अवलंबून आहे. जेथे मोजमाप नाही तेथे मर्यादेचा भंग सिद्ध करता येत नाही; आणि भंग सिद्ध न झाल्यास भट्टीवरील मजूर, खडी केंद्रावरील कामगार व चुलीपुढील स्त्री यांच्यापर्यंत अधिनियमाचे संरक्षण पोहोचत नाही.