नळीमागच्या काळ्या रेघा

ताईचं लग्न मोडलं तेव्हा सिंदेवाहीत रोवणीचे दिवस होते. सगळं घर बांधीत होतं. घरी ताई एकटी, हातात एक कागद. तपासणी शिबिरात बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताचा तो निकाल. त्यावर एकच ओळ होती: सिकलसेल पॉझिटिव्ह. मुलाकडचे लोक वाईट नव्हते. ‘पोरीले सिकल हाये म्हनतेत,’ एवढंच बोलले आणि उठले.

मी तेव्हा बारावीत होतो. त्या कागदानं काय सांगितलं होतं आणि काय सांगणं त्याच्या आवाक्यातच नव्हतं, हे कळायला मला बीएस्सीची दोन वर्षं लागली.

आमच्याकडच्या शिबिरात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. काचेच्या नळीत औषधी पाणी घेतात, त्यात रक्ताचा एक थेंब टाकतात आणि पाच मिनिटं थांबतात. मग नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. मोजमापाचं यंत्र म्हणजे तपासणाऱ्याचा डोळा.

नळीत जे घडतं तेच रुग्णाच्या रक्तवाहिनीत घडतं. औषधातलं सॅपोनिन (रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या पदार्थामुळे) तांबड्या पेशी फोडतं आणि हिमोग्लोबिन बाहेर येतं. सोडियम डायथायोनाईट त्यातला ऑक्सिजन काढून घेतो. ऑक्सिजन गेला की सिकलचं हिमोग्लोबिन, म्हणजे ‘एस’, एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं. नळीत या दोऱ्यांनी पाणी गढुळतं. शरीरात पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं फोडणाऱ्या वेदना सुरू होतात.

पण आईबापांपैकी एकाकडूनच ‘एस’ आलं असेल, तरीही नळी गढूळच होते. अशा माणसाला वाहक म्हणतात, कागदावर ‘एएस’. त्याच्या रक्तात साधारण ३५ ते ४० टक्के ‘एस’ असतं. रेघा झाकायला तेवढं पुरतं, पण माणूस आजारी पडायला सहसा पुरत नाही. दोघांकडूनही आलं असेल तो ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. नळीला या दोघांतला फरक कळत नाही.

फरक कळायचा तर ‘ए’ आणि ‘एस’ वेगळे काढायला हवेत. दोन्ही लाल, दोन्ही पाण्यात विरघळलेले. वेगळे काढायचे कसे?

१९३७ साली स्वीडनमध्ये उप्सालाला आर्ने टिसेलियस यांनी यासाठी एक यंत्र मांडलं. यू आकाराच्या नळीत प्रथिनांचं द्रावण भरायचं आणि त्यातून वीज सोडायची. ज्या प्रथिनावर जितका विद्युतभार, तितका त्याचा वेग. हळूहळू ती एकमेकांपासून लांब सरकतात. अडचण अशी की बहुतेक प्रथिनं बिनरंगी, मग ती सरकलेली दिसणार कशी? सरबतात साखर विरघळताना पाण्यात लाटांसारख्या रेषा डोलतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. दाट आणि पातळ द्रवाच्या सीमेवर प्रकाश वाकतो म्हणून त्या दिसतात. आउगुस्ट टोपलर यांनी १८६४ मध्ये हीच गोष्ट वापरून भिंगाच्या काचेतले दोष शोधायची ‘श्लीरन’ पद्धत काढली होती. टिसेलियस यांनी ती आपल्या नळीला जोडली. वेगळं करणं विजेचं, पाहणं प्रकाशाचं. १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

असंच यंत्र कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेत होतं. त्यावर राबला हार्वी इटानो. त्याच्याबद्दल वाचताना मी बराच वेळ अडकलो. हा जपानी वंशाचा अमेरिकन मुलगा १९४२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात पहिला आला, पण पदक घ्यायला जाऊ शकला नाही, कारण महायुद्धामुळे सरकारनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्याच इटानोनं पुढे रुग्णांचं आणि निरोगी माणसांचं हिमोग्लोबिन विजेवर पळवून दाखवलं. दोघांचे वेग वेगळे निघाले. वाहकांच्या रक्तात मात्र दोन्ही सापडली, शेजारी शेजारी. १९४९ मध्ये निबंध आला आणि एक आजार पहिल्यांदाच एका रेणूपर्यंत पोचला. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दोष नेमका दाखवला: १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी एकच बदल.

आपल्याकडे नागपूरचे शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. म्हणजे विदर्भाला हे ठाऊक होऊन सहा दशकं उलटून गेली आहेत. हा दोष टिकून राहिला त्यामागे मलेरिया आहे. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, आणि आमच्या जंगलपट्टीत मलेरिया घरचाच.

टिसेलियस यांचं खोलीभर यंत्र आता कुणी वापरत नाही. त्याची जागा आधी कागदाच्या आणि सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्ट्यांनी घेतली, मग एचपीएलसीनं. या यंत्राची आजी म्हणजे मिखाईल त्स्वेत यांची खडूची नळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी पानांचा रस तिच्यातून गाळला, तर हिरव्या-पिवळ्या रंगांचे पट्टे वेगवेगळे उमटले. एचपीएलसीत पंप रक्ताचं द्रावण एका बारीक नळीतून ढकलतो. एकेक हिमोग्लोबिन आपापल्या वेळेला बाहेर पडतं, प्रकाशाच्या झोतासमोरून जातं आणि आलेखावर उंचवटा काढतं.

ताईचं रक्त पुन्हा तपासायला मीच घरच्यांच्या मागे लागलो. नमुना चंद्रपूरला गेला. आलेखावर दोन ठळक उंचवटे आले: मोठा ‘ए’, धाकटा ‘एस’. ताई वाहक होती, रुग्ण नव्हती. मुलाला ‘एस’ नसतं, तर त्यांच्या पोरांपैकी कुणालाही हा आजार झाला नसता. दोघंही वाहक असते, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता. त्याची तपासणी कुणी केलीच नव्हती. मला राग त्या गढूळ नळीचा येत नाही. ती स्वस्त आहे, गावात होते, आणि ती फक्त चाळणी आहे. राग येतो ‘पुढची तपासणी करून घ्या’ हे वाक्य त्या कागदावर नव्हतं, याचा.

नंतर आईबाबांचीही तपासणी झाली. आईचं रक्त साधं निघालं. बाबांच्या आलेखावर ताईसारखेच दोन उंचवटे. आयुष्यभर बांधीतला चिखल तुडवलेला माणूस तो कागद उलटसुलट करून बघत राहिला.

‘मंग मले काहून काई नाई झालं?’ त्यांनी विचारलं. मी नळीपासून सांगायला सुरुवात केली. अर्धं झालं तेवढ्यात मोटर सुरू करायची वेळ झाली, आणि ते कागद खिशात घालून शेतावर गेले.