बचतीमागची तळमळ
१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेला तिरोडा तालुका हा धानाचा आणि विडीचा मुलूख. धान हंगामाला घरी येते. विडीची मजुरी हजारी हिशेबाने मिळते. मधल्या दिवसांत सावकाराचे दार दिसू लागते.

१८८२ मध्ये टपाल कचेऱ्यांत बचत बँक आली. जर्मनीतील राईफायझन यांच्या पतपेढ्यांचा आदर्श समोर ठेवून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला आणि गरीब स्त्रीलाही बँकेची पायरी चढता आली.

बियाणे, आजारपण, मुलीचे शिक्षण हे तिच्या बचतीचे हेतू. आपले ऋण लेकरांच्या माथी पडू नये, ही आईची तळमळ या साऱ्या कायद्यांहून जुनी आहे. कायद्यांनी तिच्या पैशाला सुरक्षित जागा दिली.