सभासद कोणास म्हणावे? : उपनगरांतील सेवासंस्थांचा थोडा इतिहास

दरवर्षी आपल्या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर सभासदांची नामावली छापली जाते. आश्रयदाते, आजीव सभासद, सर्वसाधारण सभासद अशा क्रमाने आपण ती चाळतो, आपले व आप्तेष्टांचे नाव बिनचूक छापले आहे ना एवढे पाहतो आणि पुस्तक मिटतो. 'सभासद' या शब्दाचा मूळ अर्थ सभेत बसणारा असा आहे. हा अर्थ मनात धरून नामावली वाचली तर त्यातील किती जणांना हे नाव शोभेल, असा विचार आल्यावाचून राहत नाही. सेवेच्या हेतूने माणसे एकत्र आली ती कशी आली, त्यांनी सभासद कोणास म्हटले आणि एकत्र येण्याचा त्यांचा नेम काय होता, याचा इतिहास मुंबईच्या उपनगरांपुरता थोडक्यात सांगावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासात इ. स. १९०५ हे साल विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या २३ फेब्रुवारीस अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन स्नेह्यांना एका कचेरीत एकत्र केले. त्यांपैकी एक कोळशाचा व्यापारी, दुसरा खाणींचा अभियंता व तिसरा शिंपीकामाचा धंदा करणारा होता. मोठ्या शहरात माणूस एकाकी पडतो, तेव्हा निरनिराळ्या धंद्यांतील माणसांनी ठराविक वारी भेटावे, एवढाच त्यांचा प्रथम मनोदय होता. सभा आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरे. त्या फिरतेपणावरून क्लबाचे नाव 'रोटरी' पडले. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १२ जून १९०५ रोजी, आपल्या पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. या दोन मंडळींना एकमेकांची वार्ताही नव्हती.

दोन्ही संस्थांतील सभासदत्वाची कल्पना मात्र अगदी भिन्न होती. भारत सेवक समाजाचा सभासद म्हणजे आयुष्य वाहून घेतलेला सेवक. त्याने सात शपथा घ्यावयाच्या, पाच वर्षे उमेदवारी करावयाची आणि मिळेल त्या बेताच्या निर्वाहवेतनावर जन्मभर देशकार्य करावयाचे. असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघणार, हे उघड आहे. परंतु जे निघाले त्यांनी डोंगराएवढे काम केले. त्यांपैकीच ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावातील कामगारांसाठी रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली.

शिकागोच्या क्लबात जन्म वाहून घेण्याची अट नव्हती. सभासदाने आपला धंदा करावा, संसार करावा, आणि आठवड्यातील एक वेळ मात्र क्लबास द्यावी. प्रारंभी या क्लबाचा उद्देश परस्परांच्या धंद्यास साह्य करण्यापुरता होता, हेही नमूद केले पाहिजे. १९०६ साली डोनाल्ड कार्टर या वकिलास सभासद होण्याचे निमंत्रण गेले, तेव्हा जी संस्था आपल्या सभासदांखेरीज कोणाच्याच उपयोगी पडत नाही तिला भवितव्य नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. क्लबाने त्याचा राग न मानता त्यालाच सभासद करून घेतले आणि नगराच्या हिताचे कलम आपल्या उद्देशांत घातले. पुढे शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून या मंडळींनी खटपट केली. त्यांच्या लोकसेवेचा हा पहिला पाठ होय. टीका करणाऱ्यास दाराबाहेर न ठेवता आत बोलावणे ही गोष्ट कोणत्याही मंडळाने शिकण्यासारखी आहे.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी सुरू झाली आणि १८६४ साली पश्चिमेकडील रेल्वेमार्गाने मुंबई उत्तरेशी जोडली गेली, तरी साष्टी बेटावर दीर्घकाळ भातशेती, आगरे, कोळीवाडे व गावठाणेच होती. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. १९२८ च्या प्रारंभी बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. मग शहरात जागा न मिळालेले कारकून, शिक्षक, छोटे व्यापारी कुटुंबकबिल्यासह पार्ले, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड अशा ठिकाणी येऊन राहू लागले. कोकणातील, देशावरील, गुजरातेतील व कर्नाटकातील माणसे शेजारी शेजारी आली. गावी जी विचारपूस नात्याने व आळीने आपोआप होत असे, ती येथे मुद्दाम जुळवून आणावी लागली.

यातूनच उपनगरांतील संस्था निघाल्या. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांच्या नावाने पार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ सुरू झाला. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा विद्यार्थी याच विद्यालयात शिकला. पुतळा उभारून वर्षातून एकदा हार घालण्यापेक्षा ज्यांत रोज माणसांची ये-जा होईल अशी कामे या गावकऱ्यांनी काढली. सेवा संघाच्या टिळक मंदिरात ग्रंथसंग्रहालय आहे, व्याख्याने होतात, गाणी-नाटके होतात. २०२३ साली संघास शंभर वर्षे पूर्ण झाली. ग्रंथसंग्रहालय हे तर सभासदत्वाचे उत्तम विद्यापीठ म्हणावे लागेल. घेतलेले पुस्तक मुदतीत परत करावे लागते. त्या निमित्ताने सभासदाचे पाऊल संस्थेच्या उंबऱ्यास लागते, दोन शब्द बोलणे होते आणि कोण आजारी आहे, कोणाच्या मुलीस शिष्यवृत्ती मिळाली, हे कळते.

रोटरीचा क्लब हिंदुस्थानात प्रथम कलकत्त्यास १९१९ साली जुळून आला आणि मुंबईत १९२९ साली निघाला. १९१७ साली अमेरिकेतच मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने जन्मलेली लायन्स ही दुसरी संस्था १९५६ साली मुंबईत आली. अंध व बधिर असूनही विदुषी झालेल्या हेलन केलर यांनी १९२५ साली लायन्सच्या अधिवेशनात अंधांचे कैवारी होण्याचे आवाहन केले. त्यामुळे नेत्रचिकित्सेची शिबिरे ही या संस्थेची जणू ओळखच ठरली. १९५० आणि १९५७ साली टप्प्याटप्प्याने उपनगरे मुंबई महानगरपालिकेत आली, वस्ती वाढली, डॉक्टर, वकील, कारखानदार येथेच राहू लागले. यथाकाल अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या ठिकाणीही असे क्लब निघाले.

ज्यांनी ही सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचे वर्णन थोडे तपशिलाने देतो. वार ठरलेला, वेळ ठरलेली. अध्यक्ष घंटा वाजवून सभा सुरू करतात. चिटणीस आठवड्याच्या सूचना सांगतात. ज्यांचा वाढदिवस असेल त्यांचे अभीष्टचिंतन होते. पाहुण्यांची ओळख करून दिली जाते. 'सार्जंट' या नावाचा एक अधिकारी शिस्त पाहतो आणि उशिरा येणाऱ्याकडून थट्टामस्करीत लहानसा दंड वसूल करतो. मग वक्ता अर्धा तास बोलतो. प्रश्न होतात, आभार होतात, घंटा होते आणि सभा संपते. क्लबाचे वर्ष १ जुलैस सुरू होऊन ३० जूनला संपते व अध्यक्ष दरवर्षी बदलतो. खुर्चीस चिकटून राहण्याची सोयच नसते. काल अध्यक्ष होता तो आज मागच्या रांगेत बसून नव्या अध्यक्षाची सूचना ऐकतो.

सभासदत्वाचे नियमही लक्षात घेण्यासारखे होते. पूर्वी एका धंद्यातून एकच सभासद घेत, म्हणजे क्लब एका पेशाची संघटना बनू नये. पुढे हा नियम सैल झाला. त्याहून महत्त्वाचा नियम हजेरीचा. लागोपाठ चार सभांस गैरहजर राहणाऱ्याचे सभासदत्व सबळ कारणावाचून टिकत नसे. मात्र एक सवलत होती. मुलुंडच्या सभासदास आपल्या सभेस येणे जमले नाही, तर त्याने ठराविक मुदतीत घाटकोपरच्या, पुण्याच्या, नाहीतर लंडनच्या क्लबात जाऊन बसावे. ती हजेरी त्याच्या खात्यावर धरली जाई. वर्गणी भरली म्हणून गैरहजेरी माफ होत नसे. पैसा हा वेळेचा बदली कामगार होऊ शकत नाही, हे तत्त्व या नियमाच्या मुळाशी होते.

अशा साप्ताहिक गाठीभेटींतून पुढे काय निष्पन्न होते, याचे उदाहरण पोलिओच्या मोहिमेत सापडते. रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ घालविण्याचा संकल्प सोडला. आपल्या देशात १९९५ पासून राष्ट्रीय पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. सरकारी आरोग्यखाते, महानगरपालिका, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ या सर्वांचा त्यात वाटा होता व लसीकरणाचा मुख्य भार सरकारी यंत्रणेनेच वाहिला; परंतु रविवारच्या केंद्रांवर पिवळ्या टोप्या घालून बसणारे रोटरीचे सभासदही पुष्कळांना आठवत असतील. प्रस्तुत लेखक तेव्हा नोकरीत होता. शाळेच्या वर्गात केंद्र असे, बर्फाच्या पेटीत लस असे, आणि डोस दिलेल्या बालकाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण केली जाई. उपनगरातील एक दवाखाना चालविणारे डॉक्टर आणि एक लोखंडाचे व्यापारी सकाळपासून दुपारपर्यंत झोपडपट्टीच्या गल्ल्यांतून मुलांना बोलावून आणताना आम्ही शिक्षकांनी पाहिले आहेत. त्या दोघांचा एकमेकांशी परिचय क्लबाच्या सभेतच झालेला होता. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले होते. १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमधील हावडा जिल्ह्यात जी बालिका आजारी पडली ती या देशातील वन्य पोलिओची शेवटची रुग्ण ठरली आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

या क्लबांचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. निमंत्रणावाचून प्रवेश नाही. त्यामुळे सामान्य कारकुनास वा गिरणीकामगारास हे दार बहुधा बंदच राहिले. जेवणखाणाचा व सभागृहाचा खर्च सर्वांस परवडणारा नव्हता. कारभार प्रायः इंग्रजीत चाले. स्त्रियांच्या बाबतीत तर फार मोठा अन्याय झाला. कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील क्लबाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले म्हणून १९७८ साली त्या क्लबाची मान्यता काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९८७ साली निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला; १९८९ साली रोटरीच्या घटनेतून केवळ पुरुषांची अट गेली. लायन्सनेही १९८७ साली स्त्रियांस सभासदत्व खुले केले. आठवड्यास भेटण्याचा नेमही पुढे सैल पडला. २०१६ साली रोटरीने महिन्यातून दोन सभा पुरेत अशी मोकळीक आपल्या क्लबांस दिली. नोकरीचे लांबलेले तास आणि लोकलमधील रोजचा प्रवास पाहता ही सवलत अवास्तव म्हणता येणार नाही. तथापि ज्या नेमावर संस्था उभी राहिली तो सुटल्यावर तिला जोडून ठेवणारे दुसरे काहीतरी शोधावे लागते.

या सर्व इतिहासाचा आपल्या मंडळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जिव्हाळ्याचा आहे. भारत सेवक समाजाचा सभासद शपथेने होई, क्लबाचा हजेरीने होई, पार्ल्याच्या संघासारख्या संस्थेचा शेजारधर्माने होई. आपण जन्माने सभासद होतो. यात आपले कर्तृत्व काहीच नाही. म्हणूनच जन्माने मिळालेले हे सभासदत्व काही कृतीने भरून काढण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांहून अधिक आहे. आज वार्षिक सर्वसाधारण सभेस गणपूर्तीअभावी अर्धा तास थांबून त्याच जागी पुन्हा सभा भरविण्याची पाळी अनेक ज्ञातिमंडळांवर येते. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवास पालक आपल्या पाल्याचे बक्षीस होईपर्यंत बसतात व मग उठून जातात. तरुण मंडळी परदेशी गेली, वडीलधारे थकले, ही कारणे खरी आहेत. पण चाळीस उंबऱ्यांच्या गावातही रोज दिवा लावणारा एक जण असल्याशिवाय देऊळ उघडे राहत नाही.

यास्तव ज्ञातिबंधूंना व भगिनींना एक नम्र सूचना करावीशी वाटते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा प्रत्येक विभागात आठवड्यातील एक वार व एक तास मुक्रर करावा. आठ-दहा माणसे जमली तरी पुष्कळ झाली. हजेरीपट ठेवावा. स्त्रियांस व तरुणांस पाहुण्यांच्या नात्याने न बोलावता कामाचे वाटेकरी म्हणून बोलवावे. एकच लहान काम हाती घ्यावे : एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस, दहावीच्या मुलांचा अभ्यास, रुग्णालयात सोबत. आणि त्या कामाचे दार आपल्या ज्ञातीपुरते न ठेवता शेजारच्या कोणाही गरजूसाठी उघडे ठेवावे. कार्टरने शिकागोच्या मंडळींस विचारलेला प्रश्न आपणासही लागू आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास एका आठवड्याचा एक तास जास्त नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत नामावलीबरोबर अशा एखाद्या विभागाचा हजेरीपटही छापला गेला, तर ती नामावली खऱ्या अर्थाने सभासदांची होईल.